टाकीतला पुनर्विकास

सोफ्याखालून झाडू ओढला आणि कचऱ्याबरोबर फायरफिश बाहेर आला. बोटाएवढा, कडक वाळलेला, सुकटीच्या पाटीतून उचलल्यासारखा. चार दिवस आम्ही या माशाला आमच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत शोधत होतो. टाकीवर जाळी आहे, फक्त मागं पाइप जिथून वर येतो तिथं दोन बोटांची फट राहिली होती. फायरफिश घाबरला की उडी मारतो हे मला ठाऊक होतं. एवढ्याशा फटीतून जाण्याइतका तो घाबरला असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

घाबरवणारा कोण, यावर घरात दुमत नव्हतं. डोमिनो डॅमसेल हा टाकीतलाच दुसरा मासा. काळा कुळकुळीत, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. साडेतीन वर्षांपूर्वी टाकी नवी असताना 'आधी एक डॅमसेल सोडा, काटक असतो' असा सल्ला मिळाला होता. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला महिना-दीड महिना जातो. तोवर त्यांना खाद्य म्हणून माशाची घाण हवी, असा तो हिशोब. बिचाऱ्या माशानं ते सगळं सोसलं आणि टिकला. आता मी हा सल्ला कुणाला देत नाही. बाटलीतला अमोनिया मोजून घातला तरी तेच काम होतं, आणि बाटली नंतर कुणाला चावत नाही.

आणला तेव्हा नखाएवढा होता, आता चार इंचांचा. मुलीनं त्याचं नाव सेक्रेटरी ठेवलं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींवरून. कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी कुठं लागली यावर दोघांचीही सारखीच नजर. काच पुसायला हात घातला की मनगटावर टोचा बसायचा. गोगलगाय त्याच्या कपारीसमोर आली की तोंडानं ढकलून उलटी पाडायचा.

टाकी चार फुटी आहे, १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच. काठोकाठ भरली तर २७० लिटर. प्रवाळ नाहीत, मासे, दगड आणि दोन इंच वाळू. दगडही माणसानं बनवलेले, सच्छिद्र, सिरॅमिकचे. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रातून उचलून आणलेल्या प्रवाळी खडकाच्या वाटेला मी त्यामुळे कधी गेलो नाही. बनवलेल्या दगडावर जांभळट कोरलाइन शेवाळ चढायला वर्ष लागलं, पण एकदा चढल्यावर पाहुण्यांना फरक कळत नाही. (पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न वेगळाच असतो: समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत कशाला घेतोस? त्यांना मी ठाण्याच्या खाडीवर फिरवून आणतो.)

'खडकांची मांडणी बदला' हा दादागिरी करणाऱ्या माशावरचा जुना, सर्वांना माहीत असलेला उपाय. डॅमसेलची मालकी जागेवर असते. ही कपार माझी, हा उंचवटा माझा, इथून तिथवर कुणी फिरकायचं नाही. त्या जागाच नाहीशा झाल्या की जुना रहिवासी आणि नवा पाहुणा एकाच दिवशी, एकाच ओळीत उभे राहतात. मला पटलं. तसाही कोरल ब्यूटी एंजल नावाचा एक नवा मासा वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे विलगीकरणात होता. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, खातोय व्यवस्थित. फायरफिशचं जे झालं ते त्याचं व्हायला नको होतं.

दुसरं कारण निव्वळ माझ्या आळसाचं. सुरुवातीला मी अकरा दगड मागच्या काचेला टेकवून एकावर एक रचले होते, वाण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपा रचतात तसे. त्या भिंतीमागं पाणी खेळत नव्हतं. साडेतीन वर्षांचा गाळ तिथं बसला होता आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली उतरायला तयार नव्हतं.

शुक्रवारी रात्री ६० लिटर आरओच्या पाण्यात सव्वादोन किलो मीठ घालून पंप लावून ठेवला. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ आलं, समुद्राच्या पाण्याएवढं. नवे कोरे दोन मोठे टब आणले होते; साबण लागलेलं भांडं मी टाकीच्या आसपास येऊ देत नाही. एका टबात दगड, दुसऱ्यात मासे. दोन्हीकडे वेव्हमेकर, म्हणजे पाणी खेळतं ठेवणारा पंप, आणि माशांकडे हीटर. बायको दारातून बघून म्हणाली, "संक्रमण शिबिर झालं का तयार?" आमची शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलीय, त्यामुळे घरात हे शब्द रोजचे.

टाकीतला हीटर आधी बंद केला, कारण पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. मग पाणी काढलं. पहिला दगड उचलला आणि उजव्या हाताच्या तीन बोटांत आग. दगडाच्या पोटात ब्रिसल वर्म, म्हणजे कुसळांचा समुद्री किडा, होता. टाकी बंद करणाऱ्या एका मित्राकडून घेतलेल्या दगडातून तो आला असणार. केसांहून बारीक, काचेसारख्या पांढऱ्या कुसळांची रांग बोटांत उभी होती. हातमोजे ओट्यावर होते, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सेलोटेप चिकटवून ओढली तेव्हा निम्मी कुसळं निघाली, उरलेल्यांवर व्हिनेगर. संध्याकाळपर्यंत बोटं ठणकत राहिली.

मधला मोठा दगड उचलण्याआधी थांबलो. त्याच्याखाली माझं सगळ्यात आवडतं बिऱ्हाड होतं: पिवळा वॉचमन गोबी मासा आणि पिस्तुल कोळंबी. कोळंबीला फारसं दिसत नाही. ती दिवसभर वाळू उपसून बीळ नीट करते आणि गोबी दाराशी बसून राखण करतो. बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगाला लागलेली असते. गोबीनं शेपटी थरथरवली की ती आत. वाळूचा ढीग ढकलत बाहेर यायचं, टाकायचा, वळायचं, पुन्हा मिशी लावायची. चहा घेत अर्धा अर्धा तास मी हे बघत बसायचो. दगड सरळ वर उचलला. बीळ ढासळलं आणि पाणी गढूळ झालं. गोबी जाळीत आला. कोळंबी नाही आली. तळहात सपाट ठेवून वाळूवर चाचपत राहिलो, बोटांना काही लागलं नाही. ती वाळूतच कुठंतरी होती.

त्याच जागी वाळूत काळा पट्टा दिसला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. दगडाच्या बुडाखाली प्राणवायू पोचत नाही तिथं हायड्रोजन सल्फाइड धरतो, तो हा. ढवळला तर विष पाण्यात. नळी लावून तेवढी काळी वाळू अलगद ओढून बाहेर टाकली, बाकीच्या वाळूला हात लावला नाही.

दगड निघाल्यावर मासे पकडणं अगदी सोपं. जो सेक्रेटरी साडेतीन वर्षं एकाही जाळीला सापडला नव्हता, तो चार इंच पाण्यात, उघड्या वाळूवर, दुसऱ्या झेपेला जाळीत आला. टबात सोडला तर रंग उतरून राखाडी झाला आणि वेव्हमेकरच्या मागं दडला. क्लाउनफिशची जोडी एकमेकांना चिकटून कोपऱ्यात. सहा रेघांचा रास (wrasse) मासा टबाच्या तळाशी आडवा. लॉनमोअर ब्लेनी हा मासा तेवढा हीटरच्या वायरीवर चढून डोळे गरगरा फिरवत बघत होता. आता एकाच उंचीचे, एकाच टबातले. मला वाटलं, जमलं आपलं.

मांडणीला तीन तास गेले. दगड वाळूवर ठेवायचा नसतो. गोबी किंवा कोळंबीनं खालून वाळू उपसली की तो कलंडतो. बोटांनी वाळू बाजूला सारत प्रत्येक दगडाचं बूड तळाच्या काचेला टेकवलं, आणि दर वेळी मनात एकच, खाली कोळंबी नसू दे. डावीकडे एक उंच डोंगर, उजवीकडे ठेंगणा, दोहोंमध्ये हात जाईल एवढी खिंड. डोंगराला कमान काढली. दोन दगड इपॉक्सीच्या गोळ्यानं आणि सुपरग्लूनं जोडले. ग्लू धरायच्या आत एक घसरला आणि समोरच्या काचेवर 'टुक' वाजलं. तेवढंच वाजलं, पण मी आणि बायको दोघंही किती वेळ त्या जागेकडे बघत बसलो. ओरखडा आहे, अर्ध्या इंचाचा. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडली, म्हणजे वेव्हमेकरचं पाणी मागून फिरतं आणि काच पुसायचं चुंबकही जातं.

दिसायला टाकी विचित्र झाली होती. पूर्वी उजेडात असलेल्या बाजू जांभळ्या आणि अंधारातल्या पांढऱ्याफटक. आता त्या कशाही फिरल्यामुळे गोधडीला ठिगळं लावल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी सहाला मासे परत सोडले. इथं मी चूक केली. सेक्रेटरी जाळीत होता. हातात होता. बादलीत घालून दुकानात नेऊन दिला असता तर विषय तिथंच संपला असता. पण उपायावर माझा विश्वास बसलेला. सोडला.

पहिल्या रात्री कुणाला झोप नाही. रास रोज रात्री एका ठरलेल्या भेगेत शिरून स्वतःभोवती चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी विणतो आणि त्यात झोपतो. त्या रात्री दहा वाजेपर्यंत दगडांत शिरत होता, निघत होता. दिवे बंद केल्यावर टॉर्च मारून पाहिलं तर कमानीखाली नुसताच पडलेला, पिशवीशिवाय. ब्लेनी हीटरवर. क्लाउनफिशची जोडी टाकीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात, पृष्ठभागापासून वीतभर खाली, उघड्या पाण्यात. आधी कळेना तिथं का. मग लक्षात आलं, भिंतीचा सर्वांत वरचा दगड तिथं होता. त्याच्या सपाट माथ्यावर ती दोघं साडेतीन वर्षं झोपत होती. ती आमच्या टाकीतली सगळ्यात शांत जोडी. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते हे कळल्यापासून मी समुद्रातून पकडलेला क्लाउन घेत नाही. हीही पैदाशीची होती. टाकीतच जन्मलेल्या माशाला एवढी जागेची ओढ असेल असं मला वाटलं नव्हतं. दगड गेला, जागा राहिली. रात्रभर पंख हलवत, किंचित तिरकी होऊन, नसलेल्या दगडावर ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी अमोनिया ०.२५. चाचणीच्या नळीत हिरवट झाक दिसल्यावर पोटात गोळा आला, कारण अमोनिया माशांना विष. दगड हवेत फार वेळ नव्हते, पण शेवाळ मेलं असणार, गाळ उडाला होता, आणि काही जिवाणूही गेले असतील. ४० लिटर पाणी बदललं, खाणं बंद ठेवलं, पाण्यातली घाण फेसाबरोबर ओढून काढणारा स्किमर जोरात लावला. पाचव्या दिवशी शून्य. हे सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट धरला नसता तर बरं झालं असतं. आज डावी बाजू, दोन आठवड्यांनी उजवी, असं करता आलं असतं. पण मग सेक्रेटरीला निम्मं राज्य तसंच राहिलं असतं, म्हणून मी हट्ट धरला.

तिसऱ्या रात्री, दिवे गेल्यावर, कोरल ब्यूटी सोडला. सकाळी तो डाव्या डोंगरावरून शेवाळ टिपत निवांत फिरत होता आणि सेक्रेटरी त्याच्याकडे बघतही नव्हता. बघायला त्याला सवड नव्हती. तो प्रत्येक भोकात तोंड घालून बाहेर येत होता, वर जाऊन खाली बघत होता, पुन्हा शिरत होता. घर बघायला निघालेला माणूस नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो, तसा. घरात मी जाहीर केलं की उपाय लागू पडला.

चौथ्या दिवशी त्यानं कमान निवडली. बांधली मी, तीही फायरफिशसारख्या भित्र्या माशाला आडोसा हवा म्हणून. त्याचा रंग परत आला, पुन्हा काळा कुळकुळीत. शेपटीनं वारा घालून कमानीखालची वाळू काचेपर्यंत साफ केली. सहाव्या दिवशी कोरल ब्यूटीच्या शेपटीचा तुकडा गेलेला दिसला.

याचा मी बराच विचार केला. मांडणी बदलली की जुने हक्क जातात, हे खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. तीन दिवस टाकीत कुणीच मालक नव्हतं. पण हक्क गेले तरी स्वभाव जात नाही. सगळे एकाच ओळीत उभे राहिले, शर्यत सुरू झाली, आणि जो मुळात जास्त दांडगा तोच पहिला पोचला. मांडणी बदलून फायदा होतो तो दोन बऱ्यापैकी मवाळ माशांमध्ये, किंवा मोठ्या टाकीत. चार फुटांत डोमिनोला कुठलीही जागा दिली तरी तिथून दोन्ही टोकं त्याच्या नजरेत राहतात. शिवाय तो आणखी वाढणार होता. डोमिनो साडेपाच इंचांपर्यंत जातो. आणि ज्यांची काहीच चूक नव्हती त्यांना मात्र मी बेघर केलं.

गोबी, उदाहरणार्थ. तो डाव्या पुढच्या कोपऱ्यात एका लहान दगडाआड बसून होता. बिळाशिवाय, खाणं येईल तेवढंच उचलून पुन्हा आत. कोळंबी मेली असं मी गृहीत धरलं होतं. आठव्या रात्री जेवताना टाकीतून 'टक्' असा आवाज आला. काचेला तडा गेला असं वाटून मी ताटावरून उठलो. पुन्हा 'टक्'. पिस्तुल कोळंबी मोठा नांगा एवढ्या वेगानं मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो बार. आवाज उजव्या ठेंगण्या डोंगराखालून येत होता. म्हणजे ती जिवंत होती, टाकीच्या दुसऱ्या टोकाला, चार फुटांवर. गोबीला उचलून तिकडे न्यावं असं दहादा मनात आलं, पण आता जाळी घालायची माझी हिंमत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो तर डावा कोपरा रिकामा. उजव्या डोंगराच्या पायाशी वाळूचा ताजा ढीग, त्यामागं पिवळं डोकं, आणि त्याच्या शेपटीला टेकलेली एक तांबूस मिशी. कोण कुणाकडे गेलं ते दिसलं नाही. गोबीनंच टाकी ओलांडली असणार, आणि तेही कमानीसमोरून. मी बायकोला उठवलं. तिनं बघितलं, "बरं झालं" म्हणाली आणि परत जाऊन झोपली.

राहिला सेक्रेटरी. दगड पुन्हा काढणं नाही, हे ठरलं होतं. पाण्याच्या बाटलीचा गळा कापून उलटा आत बसवला, आत गोठवलेली कोळंबी ठेवली आणि बाटली वाळूत आडवी. आधी दोन दिवस सगळ्यांचं खाणं बंद. पहिल्या दिवशी आत गेला रास. दुसऱ्या दिवशी ब्लेनी, जो शेवाळ खातो आणि ज्याला कोळंबीशी काही घेणंदेणं नाही. तो केवळ चौकशीला. सेक्रेटरी बाटलीला बाहेरून टोचे मारत होता. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय झालेलं बांधकाम. पाचव्या दिवशी बाटलीत रास अडकलेला असताना त्याला हाकलायला तो आत शिरला. मी सोफ्यावरून उडीच मारली.

कुर्ल्याला ज्या दुकानातून मी मीठ घेतो तिथं त्याला पिशवीत घालून नेलं. दुकानदारानं पिशवी उजेडात धरली आणि हसला. "डोमिनो ना? सगळे परत आणतात, साहेब. किती वर्षांनी आणतात एवढाच फरक." त्याच्याकडे सहा फुटी टाकीत मोठे मासे होते, तिथं सोडला. खाली जाऊन एका दगडामागं थांबला. रंग राखाडी. मी मिठाची पिशवी घेऊन निघालो, दारातून एकदा वळून बघितलं तर बाहेर येऊन दुसऱ्या दगडात तोंड घालत होता.

कोरल ब्यूटीची शेपटी तीन आठवड्यांत भरली. नायट्रेट २०वर आलं, ते भिंत पाडल्यामुळे, यात शंका नाही. ठिगळं हळूहळू जुळतायत. पांढऱ्या भागावर जांभळ्या टिकल्या उठल्यात. कमानीत आता रास राहतो आणि ब्लेनी जवळ आला की अंगावर जातो, पण तो दीड इंचाचा आहे, ब्लेनी त्याच्याकडे एक डोळा फिरवतो आणि तिथंच बसतो.

क्लाउनफिशच्या जोडीसाठी मी डाव्या डोंगराच्या माथ्यावर एक सपाट दगड चिकटवला, जुना तोच, जांभळी बाजू वर. जुन्या जागेपासून जेमतेम वीतभर उजवीकडे. दिवसा दोघं त्याच्यावर येऊन जातात, मादी तो तोंडानं साफसुद्धा करते. रात्री टॉर्च मारली की मागच्या कोपऱ्यात असतात, काही नाही तिथं, पृष्ठभागापासून वीतभर खाली.